केळुसकरांचे सात पंप

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. वर मराठीत नुसतं 'पंप' असं लिहिलंय. उघडून बघणारा कुणीही इंजिनीअर फसेल. आत पानोपानी ए पासून जी पर्यंत सात पंप, प्रत्येकापुढे लेव्हल, प्रेशर, गळती, शेरा असे रकाने, खाली तारीख आणि सही. फक्त त्यातला एकही पंप पंप नाही. ती अमेरिकेतली सात लहान कॉलेजं आहेत, आणि ज्या माणसाने चार वर्षं ही वही लिहिली त्याने त्यातल्या एकाही कॉलेजाचं फाटक कधी पाहिलेलं नाही.

हा माणूस म्हणजे रघुनाथ केळुसकर. कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर, दुखानच्या तेलक्षेत्रात आमचा प्लांट. तिथल्या कंट्रोल रूममध्ये ते पॅनल ऑपरेटर होते. पॅनल म्हणजे भिंतभर मांडलेले स्क्रीन. प्लांटमधली प्रत्येक टाकी, प्रत्येक पंप त्या स्क्रीनवर हिरवा, पिवळा किंवा लाल होऊन दिसतो आणि समोरच्या खुर्चीतला माणूस बारा तास तो रंग बघत असतो. हे काम करणाऱ्या माणसाला आम्ही डिग्रीवाले मनातल्या मनात थोडं खालचं समजतो. निदान मी तरी समजत होते. नाशिकहून नवी नवी प्रोसेस इंजिनीअर म्हणून आले तेव्हा अंगात मस्ती होती, आणि ती उतरवायला केळुसकरांना एक आठवडासुद्धा लागला नाही.

मी कंट्रोल रूममध्ये उभी राहून एका टाकीबद्दल ऐटीत म्हणाले, "प्रेशर तर छान आहे, काळजीचं कारण नाही." केळुसकरांनी मान न वळवता उत्तर दिलं, "मॅडम, प्रेशर आजचं सांगतं. लेव्हल उद्याचं सांगते." आवाज इतका हळू, की मला वाटलं ते स्वतःशीच बोलतायत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टाकीखालचा पंप कोरडा पडून बंद झाला. केळुसकर एका शब्दानेही म्हणाले नाहीत की बघा, मी सांगितलं होतं. थर्मासमधला करक, म्हणजे आखाती पद्धतीचा कडक दुधाळ चहा त्यांनी माझ्यासाठी एका कागदी कपात ओतला, तेवढंच.

माणूस बुटका, कुडाळकडचा. शर्टाचं गळ्याचं बटण कायम लावलेलं, उन्हाळ्यातही. दुखानच्या रस्त्यावर सगळं जग एकशेवीसने जात असताना हे शंभरने जायचे आणि मागून दिवे मारणाऱ्यांना आरशातून हात दाखवायचे, राग म्हणून नाही, 'जा बाबा' म्हणून. पण त्यांचा खरा हट्ट ड्यूटी बदलताना दिसायचा. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे आमच्या भाषेत रिलीव्हर, आला की बाकीचे ऑपरेटर दोन वाक्यं बोलून 'यल्ला, खलास' करून पार्किंग गाठतात. केळुसकर उठून उभे राहायचे, पण खुर्ची सोडायचे नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून आपण लिहिलेलं लॉग-बुक समोर सरकवायचे आणि म्हणायचे, "पढो." त्यांच्या समोरच्या पाळीला थॉमस नावाचा केरळी ऑपरेटर असे. मोठा गमत्या गडी. तो वैतागून म्हणायचा, "दादा, मैं क्या स्कूल का बच्चा हूँ?" पण वाचायचा, मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत. मग केळुसकर खुर्चीच्या पाठीवरचा हात काढायचे. त्यांचं एकच वाक्य होतं आणि ते पॅनलच्या वर कुठे लिहिलेलं नसलं तरी तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं: रिलीव्हर आल्याशिवाय पॅनल सोडायचं नाही.

एका शुक्रवारी मी त्यांना आणि सुनंदावहिनींना दोह्यातल्या अबू हमूरला माझ्या घरी जेवायला बोलावलं होतं. बिर्याणीचं पातेलं उघडलं, वाढून झालं, दोन घास खाल्ले असतील, आणि केळुसकरांचा हात ताटातच थांबला. मला वाटलं केस-बिस सापडला. ते म्हणाले, "काल साडेतीन लिहिलं मी. अडीच होतं." कुठल्यातरी टाकीची लेव्हल. त्यांनी लगेच कंट्रोल रूमला फोन लावला. थॉमस हसत म्हणाला की दादा, आकडा स्क्रीनवर बरोबरच आहे, वहीत मी सुधारतो, तुम्ही जेवा. केळुसकर उठले, हात धुतले, ऐंशी किलोमीटर गाडी हाकत दुखानला गेले, त्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, वर बरोबर आकडा लिहून सही केली आणि ऐंशी किलोमीटर परत आले. आम्ही चहा पीत होतो. मी चिडून म्हटलं, "थॉमसने केलं असतं की!" तर म्हणाले, "चूक माझ्या हातची. थॉमसच्या हाताने कशी जाईल?" आणि गार झालेली बिर्याणी चवीने खायला बसले. वहिनींनी फक्त माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. तीस वर्षांत त्यांनी अशी किती ताटं झाकून ठेवली असतील कोण जाणे.

त्यांना एकच मुलगी, सायली. जन्मली दुखानच्या कंपनी वसाहतीत, शिकली इंग्रजी शाळेत. आईबाप घरात मालवणी बोलायचे, ती सगळं समजायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. शाळेत हँडबॉलची गोलकीपर होती. पुढे शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात गेली. तिथे मुलींचा लॅक्रॉसचा संघ होता आणि त्या संघाला गोलकीपर नव्हती. कुणीतरी हिला जिममध्ये चेंडू झेलताना पाहिलं आणि हिच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवून हिला गोलमध्ये उभं केलं. 

हा खेळ मी कधी ऐकलाही नव्हता. केळुसकरांनी मला एका वाक्यात समजावला. "आंबे उतरवायचा झेला असतो ना मॅडम, जाळीवाला? तो हातात घेऊन सगळ्या पोरी धावतात, जाळीतून जाळीत चेंडू टाकतात, आणि शेवटी आमच्या बायच्या अंगावर मारतात." रबरी चेंडू, दगडासारखा टणक. पहिल्या वर्षी सायलीने व्हिडिओ कॉलवर मांडीवरचा काळानिळा डाग अभिमानाने दाखवला तेव्हा वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत. केळुसकरांनी वही विकत आणली.

कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की खेळापेक्षा खेळाची व्यवस्था जास्त नाजूक आहे. अशी सात लहान कॉलेजं मिळून त्यांची एक कॉन्फरन्स होती. आपल्याकडच्या भावकीसारखीच म्हणा ना. दरवर्षी वसंतात आपापसात खेळायचं, जो पहिला येईल तो थेट राष्ट्रीय स्पर्धेत. पण भावकीत निदान सहा घरं तरी हवीत. त्याच्या खाली गेलं की तो थेट प्रवेश हातचा जातो, मग चांगल्या मुली यायच्या थांबतात, मग एकेका कॉलेजाला वाटू लागतं की हा खर्च हवाय कशाला. केळुसकरांना यात नवीन काहीच नव्हतं. एका ओळीत जोडलेले सात पंप आहेत, एक बंद पडला तर भार बाकीच्यांवर येतो. कॉलेजांची लांबलचक नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी जोरकसपणाच्या क्रमाने अक्षरं दिली. सगळ्यांत दणकट तो ए पंप. सगळ्यांत अशक्त तो जी. सायलीचं कॉलेज जी.

"चेडवाच्या कॉलेजाक पंप म्हणतत!" वहिनी माझ्याकडे तक्रार करायच्या. "आयकणारे लोक काय म्हणतले?"

आयकणारे आम्हीच होतो, आणि आम्ही हसत होतो. ड्यूटी बदलतानाच्या चहाला थॉमस विचारायचा, "दादा, आज सी पंप का तबियत कैसा है?" आणि केळुसकर गंभीरपणे सांगायचे. सामने कोण जिंकलं हा त्यांच्या वहीत सगळ्यांत लहान रकाना होता. ते प्रेशर. लेव्हलच्या रकान्यात असायचं पहिल्या वर्षाला किती नव्या मुली आल्या. गळतीच्या रकान्यात, किती मुली मधूनच सोडून गेल्या. शेऱ्यात काहीही: प्रशिक्षक पूर्ण वेळचा की हॉकीही तोच शिकवतो, मैदानाला दिवे आहेत की नाहीत, दुसऱ्या कॉलेजात जायला बसने किती तास लागतात. हे सगळं ते कॉलेजांच्या वेबसाइटवरून आणि तिथल्या गावच्या वर्तमानपत्रांतून, शब्दकोश शेजारी ठेवून, सुट्टीच्या दिवशी सकाळी टिपायचे. त्या गावांत कुठली बेकरी बंद झाली हेही त्यांना माहीत असायचं.

सायलीच्या दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, त्यांनी चहाच्या टेबलावर जाहीर केलं, "सी पंप मार्चच्या आत ही लाइन सोडणार. आणि ई कायमचा बंद होणार." सी मागच्या हंगामात लागोपाठ जिंकला होता. थॉमसने टेबलावर हात आपटून पैज लावली. मी म्हटलं, "अहो, इतका जिंकणारा संघ कशाला जाईल?" केळुसकर म्हणाले, "म्हणूनच जाईल. त्याने प्रशिक्षक नवीन आणला, तो दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्समधला आहे. बाकी सगळे खेळ तिकडच्या कॉलेजांशी ठेवायला सुरुवात केली. ज्याला राहायचंय तो दुसऱ्या गावात सोयरीक कशाला बघेल?" आणि ई? तिथे पहिल्या वर्षाला दोनच मुली आल्या होत्या. फेब्रुवारी संपत आला तेव्हा सी ने मोठ्या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं कळवलं. एप्रिलमध्ये ई ने संघ बंद केला. थॉमसने पैजेचं जेवण दिलं आणि त्या दिवसापासून तबियत विचारताना हसायचा बंद झाला. मी तर सरळ सांगते, मला भीती वाटली. समुद्रापलीकडच्या अनोळखी गावांचं भविष्य हा माणूस मीटरसारखं वाचत होता, आणि माझ्याकडे डिग्री होती.

सातातले पाच उरले. त्या उन्हाळ्यात केळुसकरांनी कॉन्फरन्सच्या कार्यालयाला पत्र लिहायला घेतलं आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे आणलं. 'रिस्पेक्टेड सर' पासून सुरुवात आणि पुढे आमच्या लॉग-बुकाचाच नमुना: काय चालू, काय बंद, काय बंद पडण्याच्या बेतात, काय करावं. करावं या सदरात त्यांनी दोन नव्या कॉलेजांची नावं दिली होती. दोन्ही बसच्या टप्प्यात, दोघांच्या मैदानांना दिवे, दोघांकडे नव्या मुलींची संख्या चढती. आणि त्याखाली एक ओळ. ती वाचून मी पेन खाली ठेवलं. दोन घ्यावेत, एक पुरणार नाही, कारण जी ला हिशेबात धरू नये. जी केवळ एका गोलकीपरवर चालू आहे.

"ही ओळ काढा," मी म्हणाले.

"का? चुकीची आहे?"

"चुकीची नाही हो. पण सायलीचं कॉलेज आहे ते! तुम्हीच त्यांना सांगताय की आम्हाला मोजू नका?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, लॉगमध्ये आपला पंप आणि लोकांचा पंप असं नसतं. आज मी जी ची लेव्हल वाढवून लिहिली, तर ते एकच कॉलेज घेतील. उद्या जी बंद पडला की परत पाच. मग सगळीच लाइन गेली." चष्मा परत लावून म्हणाले, "मलाही बरं वाटत नाही लिहायला."

ओळ तशीच गेली. उत्तर आलं दोन वाक्यांचं, आभाराचं, सभ्य. त्यांनी ते वहीत चिकटवलं. पुढच्या हंगामात कॉन्फरन्सने नवे सदस्य जाहीर केले: तीच दोन कॉलेजं. पत्रामुळे झालं असं केळुसकरांनी कधी म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. तिथेही कुणाला तरी टाकीची लेव्हल दिसत असेलच. पण बातमी वाचली तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून त्यांना फोन केला. पलीकडून आवाज आला, "हां. बरं झालं. लाइन वाचली."

जी मात्र वाचणार नव्हता. सायलीचं तिसरं वर्ष संपताना कॉलेजने कळवलं की पुढचा हंगाम संघाचा शेवटचा. त्याच आठवड्यात ए च्या प्रशिक्षकांचा सायलीला निरोप आला: शेवटच्या वर्षासाठी आमच्याकडे ये, आमची गोलकीपर पदवी घेऊन जातेय. ए म्हणजे जवळजवळ नक्की राष्ट्रीय स्पर्धा. केळुसकरांनी हे मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "मॅडम, मोठ्या मैदानात बघायचंय हो तिला एकदा. एकदाच." व्हिसासाठी लागणारे कागद त्यांनी त्याच दिवशी गोळा करायला घेतले.

तो कॉल मी ऐकला, कारण त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होते. सुरमईचं कालवण झालं होतं आणि मागच्या ओट्यावर वहिनी भांडी आवरत होत्या. लॅपटॉपवर सायली, ओले केस, मागे खोलीत सामानाचा पसारा. तिने इंग्रजीतच विचारलं की बाबा, तुमची वही काय म्हणते? 

केळुसकरांनी वही उघडली. उघडायची काहीच गरज नव्हती. "आयक बाय," ते म्हणाले. "तुझो संघ ह्या वर्सानंतर नसतलो. ह्या वर्सा पण तुमी सगळे सामने हरतल्यात. ए ची लेव्हल बरी आसा. तू जा."

एवढं स्वच्छ कुठला बाप सांगतो? सायलीने विचारलं, मी गेले तर आमचा गोल कोण सांभाळेल? ते म्हणाले, कोणीच नाही, हंगाम सुरू व्हायच्या आधीच संघ बंद होईल. तिने मान हलवली. आणि जन्मभर आईबापाला इंग्रजीत उत्तर देणारी ती मुलगी म्हणाली, "बाबा, रिलीव्हर येयसर पॅनल सोडूचा नाय. तुमीच सांगलास मां?"

मागे भांड्यांचा आवाज थांबला. केळुसकरांनी वही मिटली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. त्या वेळी त्या घरात आपण परके आहोत असं मला फार जाणवलं, आणि तिथे असल्याबद्दल देवाचे आभारही मानावेसे वाटले.

शेवटचा हंगाम केळुसकरांच्या भाकिताबरहुकूम गेला. जी एकेक सामना हरत गेला. केळुसकर हरल्याची नोंद करायचे आणि शेजारी सायलीने किती चेंडू अडवले ते. शेवटचा सामना एप्रिलच्या अखेरीस, शनिवारी, ए शी. व्हिसा आला, रजा मंजूर झाली, दोघांची तिकिटं निघाली. वहिनींनी लाडू केले, आणि केळुसकरांनी आयुष्यात पहिल्यांदा टोपी विकत घेतली, मैदानात ऊन लागेल म्हणून.

निघायच्या दोन दिवस आधी केरळात थॉमसची आई गेली.

थॉमसला जायलाच हवं होतं. त्या पॅनलची परवानगी असलेले चारच ऑपरेटर, एक आधीच आजारी. साहेब म्हणाले, केळुसकर, तुम्ही जा, आम्ही काहीतरी जमवतो. ते खरंच जमवतील असं मलाही वाटत होतं. मी केळुसकरांना पार्किंगमध्ये गाठलं आणि भांडले. अक्षरशः भांडले. "चार वर्षं! चार वर्षं वही लिहिलीत, आणि आता एका सामन्याला जाता येत नाही? कंपनी तुमच्यावाचून बंद पडणार आहे का?"

"बंद नाही पडणार," ते म्हणाले. "पण पॅनलवर एकच माणूस चोवीस तास काढेल, डोळे मिटतील त्याचे. रिलीव्हर नाही, मॅडम. कसं सोडू?" मग हळूच म्हणाले, "आणि तिला काय तोंड दाखवू?"

वहिनी एकट्या गेल्या. ज्या बाईने एकटीने कधी दोह्यापर्यंत टॅक्सी केली नव्हती ती चौदा तासांच्या विमानात लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली. 

शनिवारी संध्याकाळी सहाला केळुसकरांची पाळी सुरू झाली. सामना आमच्या सातला. कंट्रोल रूममध्ये मोबाइल नेता येत नाही, पण बाहेरच्या बोळाच्या बाजूला भिंतीत मोठी काच आहे, पाहुण्यांना प्लांट दाखवायची. मी अबू हमूरहून गाडी काढून तिथे जाऊन उभी राहिले. पलीकडे मैदानात वहिनींनी फोन धरलेला, इकडे माझ्या हातात ते चित्र. खुणा आम्ही आधीच ठरवल्या होत्या. उजव्या हाताची बोटं म्हणजे अडवलेले चेंडू, डाव्या हाताची म्हणजे झालेले गोल. "दोन्ही दाखवा," केळुसकरांनी बजावलं होतं. "नुसतं चांगलं दाखवू नका."

ए च्या मुली लाटेसारख्या येत होत्या. मी डावा हात वर करत होते, उजवा करत होते, पुन्हा डावा. केळुसकर एकदा स्क्रीनची संपूर्ण फेरी डोळ्यांनी पुरी करायचे, मग क्षणभर मान वळवायचे, माझी बोटं वाचायचे, पुन्हा समोर. एकदा लागोपाठ तीन गोल झाले आणि मला वाटलं, एक बोट कमी दाखवावं. कुणाला कळणार होतं? त्यांनी मान वळवली, आणि मी तीनही बोटं वर केली. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि पुढे बघू लागले. त्या माणसासमोर खोटं बोलायचं बळ माझ्यात नव्हतं.

जी मोठ्या फरकाने हरला. शिटी वाजली. दोन्ही संघांच्या मुली मैदानाच्या मध्यावर धावल्या, गळ्यात पडल्या, कुणी रडत होत्या, कुणी फोटो काढत होत्या. सायली हलली नाही. ती गोलपुढेच उभी राहिली, शिरस्त्राण घातलेलं, हातात जाळीची काठी, सबंध मैदानाकडे तोंड करून. वहिनींचा आवाज आला, "अगो, ह्या चेडू थंय काय करता?" मलाही कळेना. मग कडेने मैदानाचा एक म्हातारा कामगार ढकलगाडी घेऊन आला, गोलचा सांगाडा उचलून न्यायला. सायलीने शिरस्त्राण काढलं, त्याच्याशी काहीतरी बोलली, गोलच्या खांबावरचा हात काढला आणि बाजूला झाली.

ही गोष्ट बोटांनी दाखवता येण्यासारखी नव्हती. मी फोनच काचेला लावला आणि दुसऱ्या हाताने काच वाजवली. वहिनींच्या फोनचं चित्र त्याच क्षणी गोठलं होतं: रिकाम्या होत जाणाऱ्या मैदानात पाठमोरी सायली, तिच्यापुढे ढकलगाडी. त्याच्याच शेजारी, काचेपलीकडे, पाठमोरे केळुसकर. ते माझ्यापासून जेमतेम दहा पावलांवर होते. त्यांनी मान वळवली, फोनचा तो लहानसा उजेड पाहिला. एवढ्या अंतरावरून त्यांना काही दिसलं असेल असं नाही. मी हाताने खूण केली, या, एक मिनिट या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मला उजवा हात वर करून दाखवला, रस्त्यावर मागच्या गाड्यांना दाखवायचे तसाच, आणि पुन्हा पॅनलकडे तोंड केलं.

महिनाभरात ते निवृत्त होऊन कुडाळला गेले आणि जाताना वही मला देऊन गेले. पण केळुसकर म्हटलं की मला दिसतात ते त्या काचेपलीकडचे. गळ्याचं बटण लावलेलं, खांदे थोडे उतरलेले आणि नजर समोर. सायलीचा रिलीव्हर आला होता. त्यांचा सकाळी सहाला येणार होता.